खड्डा दे, पोफळ घे

नाव आधी लिहून टाकतो, नाहीतर सांगण्याच्या भरात नेमकं तेच राहून जायचं. जैनबआपा. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावची, मशिदीमागच्या पोफळीच्या वाडीची मालकीण. माझी अम्मा हजला जाऊन आली, गावात आता तिला हज्जन म्हणून हाक मारतात, ती या बाईमुळे. काय झालं, कसं झालं ते पुढे सांगतोच.

मी मस्कतला एका बेकरीत भट्टीवर असतो. आठवीत शाळा सुटली. बाबा गेले आणि घरात कमावणारं कोणी उरलं नाही. अम्मा जैनबआपाच्या अंगणात सुपारी सोलायला जायला लागली, मी आधी गावात मिळेल ते काम केलं आणि मग इकडे आलो. लिहायचा सराव नाही. पण हज करून आलेल्यांचे फोटो आमच्याकडे घराघरात भिंतीवर लावलेले असतात, आणि त्या एकाही फोटोत आपा नाही. ही गोष्ट मला इथे भट्टीसमोर उभं असतानासुद्धा टोचते. म्हणून बसलो लिहायला.

आपा उंच, हाडकुळी. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला ओढणी घट्ट आवळलेली. नवरा जहाजावर नोकरीला होता, लवकर वारला. मूलबाळ नव्हतं. त्याचे शर्ट तिने एकेक करून वाडीत घालून फाडले. कोणी हळहळलं, आठवण म्हणून ठेवायचे होते गो, तर म्हणायची, "कपाटात ठेवून काय कसरीला जेवू घालू? त्याचा शर्ट हाय, माझ्याबरोबर काम करू दे." एका हातात करवंटी, करवंटीत भिजवलेला चुना, दुसऱ्या हातात काथ्याचा कुंचला. सुपारीच्या धंद्यात केस पांढरे झाले, पण सुपारीचं खांड तिने कधी तोंडात टाकलं नाही. लग्नात पानाचं तबक पुढे आलं की हात जोडायची. "विकणाऱ्याने खायला सुरुवात केली की झाडाला वाटतं आपण घरचेच. मग धरत न्हाय."

आता त्या चुन्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

हजचा पैसा हलाल लागतो. कष्टाचा, कोणाचा हक्क न मारलेला, व्याजाचा तर अजिबात नाही. गरीब बाईने असा पैसा वर्षानुवर्षं जमवायचा कुठे? घरात ठेवला तर पोरगा मोटरसायकल मागतो. बँकेत ठेवला तर त्याला व्याज लागतं. सोनं केलं तर सून घालून मिरवते. आपाने यावर काढलेला उपाय असा : तिच्या वाडीतली पोफळं ती बायकांना विकायची. जमीन नव्हे, नुसतं झाड, आणि ते पडलं तर त्याच जागी नवं लावायचा हक्क. हातात असेल तेवढ्यात बाईने एक झाड घ्यायचं, पुढच्या ईदला आणखी एक. झाडाला चुन्याचा पट्टा मारला की ते हजचं झालं. त्याची सुपारी उतरायची, सुकायची, सोलायची आणि विकायची, मजुरी वजा करून राहील ते त्या बाईचं. त्यातून पुन्हा झाड. बाईची जायची वेळ आली की तिची झाडं पुढच्या रांगेतल्या बाया त्या वेळच्या भावाने विकत घ्यायच्या. पीक चांगलं आलं तर फायदा बाईचा, माकडांनी खाल्लं तर नुकसानही तिचंच.

"आपाकडे पैसे ठेवलेत," असं कोणी म्हणालं की तिचं टाळकं फिरायचं.

"ठेवलेत न्हाय, घातलेत. झाडात घातलेत. ठेवलेले मागता येतात. घातलेल्याची राखण करायची असते."

ठेवणे आणि घालणे यात एवढा फरक असतो हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे चांगलंच कळलं.

रस्त्यात बाई भेटली की तब्येत नंतर, आधी "झाड कसं हाय तुझं?" उत्तर आलं नाही तर तिथूनच वाडीत धरून न्यायची. ज्याचं झाड त्याने आठवड्यातून एकदा तरी त्याच्या बुंध्याशी उभं राहायचं, असा नियमच होता. आजारपणासाठी झाड विकायचं म्हटलं तर त्याच दिवशी पैसे द्यायची. लग्नासाठी म्हटलं तर ऐकू यायचं नाही तिला. एकदा रुबिनाभाबी पोरीच्या लग्नाच्या रोषणाईसाठी दोन झाडं विकायला आली. आपा चुना ढवळत बसली होती. म्हणाली, "विकू या की. फक्त एक कर. तुझ्या व्याह्याला हिकडं घेऊन ये. त्याला दाखवू, बघा, ह्या दोन झाडांवरून ही मक्केला जाणार होती, ती तुमच्या लायटीच्या माळांवर लटकली." रुबिनाभाबी हसत हसत परत गेली. लग्न साध्या ट्यूबलायटीत झालं.

अम्मा या वाडीत शिरली ती माझ्या एका चुकीतून. चूक म्हणजे अज्ञान. मस्कतहून पहिले बरे पैसे साठले तेव्हा मी हौसेने अम्माच्या नावाने बँकेत मुदत ठेव केली. हजसाठी. फोनवर अभिमानाने सांगितलं, वर्षाने बघ कसे वाढतात ते. पलीकडे रडणं.

"अल्ताफ, हजच्या पैशाला सूद लावलास रे तू?"

मी इथे घामाघूम. तिची हज होण्याआधीच मी बिघडवून ठेवली असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी फोन आला तो आपाचा. "घाबरू नको. कपड्याला चिखल लागला म्हणून कपडा फेकत न्हाय कोणी." अम्माला घेऊन ती बँकेत गेली, ठेव मोडली, व्याज तेवढं वेगळं मागून घेतलं आणि अम्माच्या रुमालाला वेगळी गाठ मारली. व्याजाचा पैसा आमच्यात स्वतःवर खर्च करत नाहीत. तो लोकांच्या सोयीसाठी देऊन टाकायचा, आणि वर त्याचं पुण्य मागायचं नाही. देऊन विसरायचं.

अम्मा म्हणाली, मदरशाला देऊ या का? आपा म्हणाली, "शेण लागलेल्या हाताने कोणी ताट वाढतं काय?" आणि सरळ एस.टी. स्टँडवर गेली. तिथल्या बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. बाया जोडीनं जायच्या, एक आत आणि एक दार ओढून बाहेर उभी. आपाने सुताराला बोलावलं, कडी लावून घेतली, उरलेल्यात बादली आणि टमरेल. सुताराने विचारलं, "आपा, पाटी लावू काय? कोणाच्या स्मरणार्थ?"

"व्याजाच्या स्मरणार्थ," आपा म्हणाली. "हाण खिळे."

अम्माने सवयीने बिस्मिल्ला म्हणायला तोंड उघडलं तर तिला कोपराने ढोसलं. "कडीला नको. ही आपली न्हाय."

बौद्धवाडीतल्या सुमनताई अंगणवाडीत शिकवायच्या, रोज त्या स्टँडवरून म्हसळ्याला ये-जा. त्यांना हे कळलं. भर स्टँडवर म्हणाल्या, "जैनबआपा, तुमच्यात व्याज चालत नाय म्हणून आमची सोय झाली. अजून कोणाचं आलं तर सांगा, आत बल्ब पण पायजे."

"बघते," आपा म्हणाली. "ह्या अल्ताफला सांगते, अजून एक ठेव कर."

हा निरोप मला खरोखर पोचवला गेला. मी पुन्हा घामाघूम. मग कळलं, मस्करी होती.

तेव्हापासून मी पाठवेन त्यातून अम्मा झाडं घेत गेली. प्रत्येक नव्या झाडाची बातमी मला फोनवर यायची. माझ्यासाठी ती बातमी पगाराहून मोठी. खोलीतले बाकीचे विचारायचे, गावाला काय बांधतोयस? मी म्हणायचो, पोफळं.

एका सुट्टीत मी गावात होतो तेव्हाची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे. कोणी साहेब गावाला येणार म्हणून रस्त्याकडेची झाडं रंगवायचं काम निघालं होतं. खाली गेरू, वर चुना. रंगवणाऱ्यांनी आपाच्या शेजारच्या बापूकाकांच्या वाडीची रस्त्याला लागलेली पोफळं पण पट्टे मारून टाकली. बापूकाका त्या वेळी मुंबईला लेकाकडे. सुपारी उतरवायला येणारा महादू आपली झाडं ओळखायचा ती चुन्यावरून. दोन वाड्यांमधलं कुंपण तर नावापुरतंच. महादू झाडावरून झाडावर झोके घेत पट्टा दिसेल ते उतरवत गेला आणि बापूकाकांचं रस्त्याकडचं सगळं पीक हजच्या ढिगात येऊन पडलं. बायकांनी ते उन्हात पसरलंही.

बापूकाका परत आले. तावातावाने कुंपण ओलांडून आले, ढीग बघितला, पट्टे बघितले आणि तिथेच कपाळाला हात लावून हसत सुटले. "म्हणजे माझी झाडं बाटली म्हणायची!"

"बाटली न्हाय बापू, हाजी झाली," आपा म्हणाली. पण चेहरा हसरा नव्हता. हजच्या ढिगात दुसऱ्याची सुपारी. तिने सगळ्या बायकांना हात थांबवायला सांगितलं. "बापू, तुझी निवडून घे."

"सुपारीवर काय नाव लिहिलंय? राहू दे गो. तुमच्या हजला माझ्याकडून."

"तुझ्याकडून कशी? ज्याची हज त्याची कमाई. मी तुला पैसे देते. भाव सांग."

इथून जो सौदा झाला तसा मी जन्मात बघितला नाही. बापूकाका भाव पाडत होते आणि आपा चढवत होती. ते म्हणाले, ओली होती, वजन काय धरायचं. ती म्हणाली, तुझ्या झाडांना पाटाचं पाणी आधी लागतं, दाणा मोठा. ते म्हणाले, महादूची मजुरी तुम्ही दिलीत, ती वजा करा. ती म्हणाली, तू बोलावलं होतंस काय महादूला? मग मजुरी कसली? शेवटी बापूकाका चिडले, "अगो, मी विकतोय का तू?" आजूबाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसून हसून बेजार. बाजारभावाला एक पैसा कमी न करता आपाने पैसे मोजले. बापूकाका जाता जाता म्हणाले, "हिच्याशी व्यवहार करायचा म्हणजे लुटून घ्यायची तयारी पायजे." लुटलं कोण आणि कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग आलं ते वादळ. तारीख आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. करोनाचे दिवस, विमानं बंद, मी इथे अडकलेला. मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं श्रीवर्धनचं चित्र बघितलं, त्यात पत्रे कागदासारखे उडत होते. नंतर गावात फोनच लागेना. घर राहिलं का, अम्मा कुठे आहे, काही कळेना. मी भट्टीसमोर उभा राहायचो आणि मालक पाव जळाले म्हणून ओरडला की मग कळायचं की पाव जळाले.

पुढचं सगळं अम्माकडून आणि सुमनताईंकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

वाडी आडवी झाली होती. पोफळ सडपातळ झाड, वाऱ्याबरोबर वाकून परत उभं राहणारं, पण त्या वाऱ्यात कितीतरी कंबरेतून मोडली. काही मुळासकट उपटून आली आणि जागोजाग खड्डे. अम्माची दोनच उभी होती. वर्षानुवर्षं एकेक करून घेतलेली, त्यातली दोन. अम्माची गुडघेदुखी तेव्हाच सुरू झालेली होती. नवं रोप लावलं तर त्याला सुपारी धरायला सहा-सात वर्षं. तोवर तिला चालता येईल का, ती असेल का, हा हिशोब कोणालाही कळत होता. तिने मला फोनवर एवढंच सांगितलं, "जाऊ दे बेटा. नशिबात घराचं अंगणच होतं." अम्मा कधी रडून बोलली तर मला एवढी भीती वाटत नाही.

पत्रे सारखे झाल्यावर बाया आपाच्या अंगणात जमल्या. शमीमभाबीने तोंड फोडलं. तिची सगळीच गेली होती. "आपा, आम्ही तुझ्याकडे विश्वासाने पैसे ठेवले होते. वाडी तुझी, वारा तुझ्या वाडीत आला. आमचे पैसे दे."

आपा पायरीवर बसली होती. अंगावर शर्ट, शर्टाला फांदीने फाटलेली बाही. म्हणाली, "शमीम, ठेवले न्हवतेस. घातले होतेस."

"शब्दांचा खेळ करतेस?"

"खेळ न्हाय गो. मी आज तुला पैसे भरून दिले, तर इतकी वर्षं तू घेतलेला नफा काय झाला? व्याज झाला. तुझी हज मी परत व्याजावर नेऊन बसवू? बुडायची तयारी होती म्हणून तो नफा हलाल होता."

सगळ्यांना ते पटलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, बोलायला काय जातं, हिची स्वतःची तर उभी आहेत. ते खरं होतं. टेकाडाच्या आडोशाला आपाची स्वतःची, चुना न मारलेली पोफळं बऱ्यापैकी वाचली होती.

आपा उठली. करवंटी घेतली. तशीच टेकाडाकडे चालायला लागली आणि बाया मागून. पहिल्या उभ्या झाडाशी थांबून तिने अम्माला हाक मारली. अम्मा सगळ्यांत वयाने मोठी.

"तुझे खड्डे किती गो?"

अम्माला प्रश्नच कळेना. "खड्डे?"

"उपटून पडलेल्या झाडांचे. मना नवी रोपं लावायचीत. खड्डे खणायला आता माणूस मिळत न्हाय. तुझा खड्डा मना दे, माझं पोफळ तू घे. बरोबरीचा सौदा."

"येडी झालीस काय आपा? खड्ड्याला कसली किंमत?"

"खणायला कुदळ घेऊन उभी रहा, मग समजंल. पावसाच्या तोंडावर तयार खड्डा हाय, मजुरी वाचली माझी. देतेस काय बोल. का दुसऱ्या कोणाला विचारू?"

हे दान आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण आपा ते दान म्हणून हातात ठेवत नव्हती. ती सौदा मागत होती. दान म्हटलं असतं तर अम्माने घेतलंच नसतं, सोलणीच्या कामावर उभं आयुष्य काढलेली बाई. सौद्याला नाही कसं म्हणणार? अम्माने मान हलवली. आपाने कुंचला चुन्यात बुडवला आणि आपल्या झाडाला पट्टा मारला.

मग पुढची म्हातारी. मग त्याच्या पुढची. वयाने मोठ्या बायांना उभी झाडं, त्यांचे खड्डे आपाला. आपाची झाडं पुरली नाहीत तेव्हा शमीमभाबी पुढे झाली. तिचीच सासू रांगेत शेवटी उभी होती. शमीमभाबीची स्वतःची तर झाडं नव्हतीच, म्हणून तिने बहिणीला पुढे ओढलं, "तुझं एक दे माझ्या सासूला. मी तुला दोन खड्डे देते." बाकीच्या तरण्या बायांनी मग आपसांत तसंच केलं. कोणी कोणाला सांगितलं नाही. सुमनताई म्हणाल्या, बाजार भरला होता नुसता, खड्ड्यांचा.

शेवटी कोणीतरी मोजलं की आपाच्या नावावर आता उभं झाड राहिलंच नाही, खड्डेच खड्डे. रुबिनाभाबी म्हणाली, "आपा, तुझं वय काय, आणि तू रोपांच्या बाजूला?"

"मी तरणी हाय," आपा म्हणाली. "तुमचीच कंबर वाकली."

त्यानंतर सुपारीचा भाव चढला, कारण सगळीकडेच वाड्या पडल्या होत्या. मोडलेली खोडं मांडवाला आणि कुंपणाला विकली गेली. रोपांच्या मधे आपाने केळी लावल्या. दर ईदला मी पाठवेन त्यातून अम्मा रांगेत पुढे सरकत राहिली. मी इथे दरवेळी विचारायचो, गुडघे कसे आहेत, आणि ती सांगायची, पोफळं बरी आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिची पुंजी भरली, झाडं तरण्या बायांनी घेतली, पुरुषाच्या सोबतीशिवाय जाणाऱ्या बायकांच्या गटात तिने अर्ज भरला आणि यादीत नाव लागलं. फोनवर ती काय बोलली मला सांगता येणार नाही. मी बेकरीच्या मागच्या दारात मैद्याच्या गोणीवर बसलो आणि मालकाने त्या दिवशी काही ओरडाआरडा केला नाही.

निरोपाला मी महिन्याची रजा काढून गेलो. आमच्याकडे हजला निघणाऱ्याच्या गळ्यात हार घालतात, सगळं गाव गळाभेट घेतं, माफी मागतं, आणि तिथे जाऊन माझ्यासाठी अमुक माग असं सांगतं. अम्माला लोक सांगत होते, माझ्या पोराची नोकरी, माझ्या सुनेला मूल. ती प्रत्येकाला मान डोलवत होती आणि लगेच विसरत होती, हे मला दिसत होतं. आपा सगळ्यात शेवटी आली. सगळ्यांना वाटलं, ही आता सांगणार, माझी पण हज होऊ दे म्हणून माग. आपाने अम्माच्या पिशवीत हात घालून चाचपलं. "गुडघ्याच्या गोळ्या घेतल्यास? चपलेला धागा बांध, तिकडं सगळ्यांच्या सारख्याच असतात." आणि मग थोडं थांबून, "आणि हे बघ, माझं काय मागायचं न्हाय. तुझंच नीट माग. एवढ्या खड्ड्यांनी गेलीस तू."

मी त्याच दिवशी तिला वाडीच्या फाटकापाशी गाठलं. धीर करून म्हणालो, आपा, पुढच्या वर्षी तुझे पैसे मी भरतो. मी आता बरं कमावतो.

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी आठवीतला झालो. "आणि तुझा खड्डा कुठला रे? देशील ते कशाच्या बदल्यात?" ती हसली, गालावर चापट मारली आणि आत गेली.

अम्मा परतली तेव्हा मी मस्कतला. व्हिडिओ कॉल लावला होता, फोन शमीमभाबीच्या हातात, सगळं हलत होतं. घर माणसांनी भरलेलं. अम्मा बारीक झाली होती, चेहरा उन्हाने काळवंडलेला आणि असा शांत की मी तो आधी कधी बघितला नव्हता. ती छोट्या कपातून सगळ्यांना मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी देत होती. गर्दीतून आपा पुढे आली, वाडीतून थेट, शर्टावर चुन्याचे शिंतोडे. कप हातात घेतला. ते पाणी उभ्याने आणि काब्याकडे तोंड करून पितात, म्हणून ती घरातल्या घरात वळली, दाराकडे पाठ, खिडकीच्या दिशेला. डोळे मिटले. कप ओठांना लावला. कायम काहीतरी बोलत असलेली बाई, आणि ओठ हलत होते पण आवाज नव्हता. तेवढ्यात नेटवर्क गेलं आणि चित्र तिथेच थांबलं. मी फोन कापला नाही. बराच वेळ ते थांबलेलं चित्र हातात धरून बसलो.

मला तेव्हापासून एकच काळजी आहे. तिची रोपं आता कुठे फुलोऱ्याला येतायत, आणि तरणी म्हणवून घेतली तरी आपाचं वय थांबलेलं नाही. पैसे ती माझ्याकडून घेणार नाही. तिच्याशी सौदाच करावा लागेल, आणि माझ्याकडे द्यायला आहेत ते भट्टीवर कमावलेले दोन खांदे. म्हणून आपा, हे लिहून ठेवतो. तुझं नाव लागेल त्या वर्षी, रजा मिळो न मिळो, मी इथून वाळवंटातून बसने मक्केला येईन. गुडघे थकले तर तुझी चाकाची खुर्ची मी ढकलेन, सफा ते मरवा, त्या दोन टेकड्यांमधल्या साती फेऱ्या, आणि तू म्हणशील तिथे. बदल्यात काय हवं ते तेव्हा सांगतो. तू भाव चढवशील हे धरून चाललोय मी.